कव्हरशिवाय शाफ्ट नाही

वर्कशॉपमध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात. एक म्हणजे लेथखालचा लोखंडाचा भुगा आणि दुसरी म्हणजे माणसांच्या गोष्टी. भुगा निदान शनिवारी झाडून पोत्यात तरी भरला जायचा. गोष्टी तशाच राहिल्या. आता आमच्यातले जुने लोक कुणाच्या लग्नाकार्यात भेटलो की हातात ताट यायच्या आत कोणीतरी म्हणतोच, "अरे सामंत, गायकवाडदादांचा तो किस्सा सांग ना!" मी विचारतो, "कुठला?" मग तासभर जेवण बाजूला राहतं.

आमचं वर्कशॉप डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडच्या आतल्या बाजूला, इंडस्ट्रियल एरियात होतं. माणसं दहा-बारा. आम्ही शाफ्ट बनवायचो. म्हणजे काय, तर एकीकडे इंजिन किंवा मोटर, दुसरीकडे यंत्र, आणि मधे गरगर फिरून एकाची ताकद दुसऱ्याकडे पोचवणारा लोखंडी दांडा. ट्रॅक्टरला, पंपाला, मिक्सरला, होडीला, ज्याला लागेल त्याला.

मालक नेनेसाहेब. अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, स्वच्छ पुणेरी मराठी, आणि शिस्त अशी की तोंडी तक्रार ऐकूनच घ्यायचे नाहीत. त्यासाठी एक जाडजूड तक्रार रजिस्टर होतं. त्यात चार रकाने. तारीख, तक्रार, मान्य की अमान्य, आणि कारण. पहिले दोन तक्रार करणाऱ्याने भरायचे. शेवटचे दोन भरायचा अधिकार एकाच माणसाला. हेड फिटर गायकवाडदादा!

दादा कल्याणच्या कोळसेवाडीतून रोज सायकलने यायचे. उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा, अक्षर मात्र दुकानाच्या पाटीएवढं. मी तिथे बारा-तेरा वर्षं काढली. एवढ्या वर्षांत त्या तिसऱ्या रकान्यात मी 'अमान्य' सोडून दुसरा शब्द पाहिला नव्हता.

*

पहिला किस्सा माझ्याच इज्जतीचा आहे, तो आधी उरकून टाकतो.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी डिप्लोमा करून ड्रॉइंग आणि कोटेशनच्या कामावर लागलो. पहिला दिवस म्हणून मोठ्या भावाच्या लग्नातला टाय लावून गेलेलो. मरून कलरचा, चमकणारा. सरळ टेस्टिंगच्या जागी जाऊन उभा राहिलो. तिथे एक उघडा शाफ्ट मोटरला जोडून फिरवून बघत होते.

दादांनी आधी मोटर बंद केली. मग मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, ते गळ्यातलं जरा द्या."

मला वाटलं, ग्रीस लागू नये म्हणून सांभाळून ठेवणार असतील. काढून दिला. दादांनी एक लांबलचक बांबू घेतला, त्याच्या टोकाला माझा टाय बांधला, मला चार पावलं मागे सरकवलं आणि मोटर चालू केली. बांबू हळूच पुढे नेला. टायचं टोक शाफ्टला नुसतं लागलं मात्र! फट्कन आवाज झाला. बांबू दादांच्या हातातून सुटून पत्र्यावर आदळला आणि टाय शाफ्टभोवती घट्ट गुंडाळला गेलेला.

मोटर थांबवून दादांनी शांतपणे विचारलं, "तुमची पापणी लवली होती का मधे?"

नव्हती लवली!

पण मी नवा होतो, तरुण होतो, आणि घरी भावाला तोंड दाखवायचं होतं. तडक जाऊन रजिस्टरमध्ये लिहिलं, 'हेड फिटरने माझा टाय नष्ट केला.' संध्याकाळी पाहिलं तर पुढे दादांचं ते ठसठशीत अक्षर होतं.

'अमान्य. कारण : गळा शाबूत आहे.'

*

त्या बांबूचं पुढे कळलं. दादांची ती पद्धतच होती. शाफ्ट बसवून झाला, त्यावर कव्हर चढवलं, की यंत्र चालू करायचं आणि लांब बांबूच्या टोकाला सुती चिंधी बांधून ती शाफ्टच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, वरून, खालून, सांध्यांपाशी, सगळीकडे फिरवायची. चिंधी कुठे जरी ओढली गेली तरी यंत्र बंद, कव्हर पुन्हा खोला, पुन्हा बसवा. चिंधी अख्खी परत आली तरच दादा कागदावर सही करणार. दादांची सही नाही तर माल ताब्यात नाही. कव्हरशिवाय शाफ्ट तर ते कुणाला विकतही देऊ देत नसत. नेनेसाहेब मालक असले तरी यात त्यांचं काही चालायचं नाही!

याचं कारण दादांनी मला एकदाच सांगितलं. चहाच्या वेळी, दुसरीकडे बघत.

"ठाण्याला कामाला होतो तेव्हाची गोष्ट. उस्ताद होते माझे. फाइल कशी धरायची हे त्यांनी शिकवलं मला. ग्रीस भरायला म्हणून शाफ्टचं कव्हर मी काढलेलं. ग्रीस भरलं. म्हटलं, चहा पिऊन येतो आणि लावतो. कव्हर भिंतीला टेकवून गेलो. तेवढ्यात उस्तादांनी मशीन चालू केली. त्यांची बाही..."

दादांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "उजवा हात होता. मला कधी एक शब्द बोलले नाहीत ते. बोलले असते तर बरं झालं असतं. तेव्हाच ठरवलं, माझ्या हाताखालून गेलेल्या शाफ्टने कुणाचा हात जाणार नाही. तेवढं एक जमलं तरी पुष्कळ."

माझा चहा तसाच राहिला. त्या दिवसापासून टायबद्दल मी पुन्हा चकार शब्द काढला नाही.

*

कोलशेतच्या खाडीवर हिराजी नाखवा म्हणून कोळी होते. त्यांच्या होडीत इंजिन आणि पाण्याखालचा पंखा यांच्यामधला शाफ्ट बदलायचा होता. मी आणि दादा माप घ्यायला गेलो तेव्हा ओहोटी होती, होडी चिखलावर बसलेली. दादांनी टेप लावला, माप वहीत लिहिलं आणि होडीच्या काठावर मांडी घालून बसले.

मी म्हटलं, "चला दादा, निघू या ना?"

"भरती येऊ दे. पुन्हा मोजायचंय."

नाखवा चकितच झाले. "आरं दादा, होरी तीच ना? टेप तोच ना? मंग पानी आल्यावर काय येगळं मोजनार?"

दादा म्हणाले, "नाखवा, झोपलेल्या माणसाचं माप घेऊन शिवलेला सदरा उभा राहिल्यावर नीट बसतो का?"

नाखवांना पटलं की नाही कोण जाणे, पण त्यांच्या घरून तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी आली. पाच तास आम्ही तिथे बसून होतो. दुपारी पाणी चढलं, होडी हलली, तरंगली. दादांनी परत टेप लावला. फरक निघाला दोन सुतांचा, म्हणजे पाव इंचाचा! लाकडी होडी पाण्यावर आली की तिचा तळ जरासा वाकतो आणि दोन टोकांमधलं अंतर बदलतं. चिखलावरच्या मापाचा शाफ्ट बसवला असता तर भर खाडीत त्याने इंजिनालाच ढकलायला सुरुवात केली असती.

नाखवांनी टेपवरचं माप स्वतः वाकून पाहिलं. मग बायकोला हाक मारून म्हणाले, "अगो, यो मिस्त्री नाय! याला खारीचं पानी कलतंय!"

शाफ्ट बसला, होडी झकास चालली, आणि खूश होऊन नाखवांनी आमच्या वर्कशॉपवर जिवंत चिंबोऱ्यांची टोपली पाठवून दिली. आणणाऱ्याने ती ठेवली कुठे? शुद्ध शाकाहारी नेनेसाहेबांच्या केबिनमध्ये! अर्ध्या तासाने साहेब खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेले आणि टेबलाखाली एक मोठी चिंबोरी नांग्या उगारून उभी.

नेनेसाहेब नियमाचे पक्के. त्यांनी स्वतः रजिस्टर मागवलं आणि लिहिलं, 'केबिनमध्ये खेकडा मोकाट फिरत आहे.'

दादांनी चिंबोरी उचलून टोपलीत टाकली, हात धुतले आणि लिहिलं, 'अमान्य. कारण : टोपलीला कव्हर नव्हतं.'

*

जवळच एका केमिकल कंपनीत रंग ढवळायचा मोठा मिक्सर होता. तिथल्या मॅनेजरला शाफ्ट हवा होता. त्याचं म्हणणं एकच. "जाडातला जाड द्या!"

दादांनी मोटरची ताकद विचारली, मिक्सर मिनिटाला किती फिरतो ते विचारलं, रंग किती घट्ट असतो तेही विचारलं. मग मध्यम जाडीचा शाफ्ट काढून दिला आणि त्याच्या एका टोकाला मुद्दाम नरम लोखंडाचा बोल्ट लावला.

महिन्याभरात मॅनेजर फणफणत आला. "अहो, तुमचा बोल्ट तुटला! प्रोडक्शन बंद आहे माझं!" त्याने तसं रजिस्टरमध्ये लिहिलंही. दादांनी उत्तर लिहिलं, 'अमान्य. कारण : तो तुटण्यासाठीच बसवला आहे.'

मग त्याला समजावून सांगितलं. मिक्सर कशात अडकला तर मोटर जोर लावतच राहणार. त्या जोरात काहीतरी तुटणारच. तर ते काहीतरी स्वस्तातलं तुटावं म्हणून हा बोल्ट. मॅनेजरने दुसरा तसाच बोल्ट नेला, पण त्याचं समाधान झालेलं दिसत नव्हतं.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा हजर. या वेळी छाती पुढे काढून. "दादा, मी तुमचा बोल्ट काढून टाकला आणि चांगला कडक पोलादी लावला. काल मिक्सर परत अडकला. पण बोल्टला काही झालं नाही! एक ओरखडा नाही!"

"अरे वा," दादा म्हणाले. "मग आज इकडे कसे?"

मॅनेजरची छाती जरा आत गेली. "गिअरबॉक्सचे दोन तुकडे झाले ना."

दादांनी कपाटातून नरम बोल्टांची अख्खी पुडी काढली आणि त्याच्या हातात ठेवली.

*

शाफ्टचे दोन दातेरी भाग एकमेकांत सरकून बसतात. दोन्ही टोकांचे सांधे एकाच रेषेत यायला हवेत. एक जरी दात इकडे-तिकडे झाला तर शाफ्ट थरथरायला लागतो आणि त्याच्याबरोबर सगळं यंत्र. म्हणून दादा दोन्ही भागांवर लाल बाण काढून द्यायचे. बाण समोरासमोर आणा, झालं काम.

पण साधा रंग डिझेलने धुऊन जायचा. दादांनी बरेच रंग करून पाहिले. शेवटी जो टिकला तो निघाला नेलपॉलिश! तेही त्यांच्या मुलीचं. सुजाता तेव्हा कल्याणला कॉलेजात होती.

एकदा ठाण्याच्या एका बर्फाच्या कारखान्यातून फोन आला. तिथला फोरमन रडकुंडीला आलेला. "दादा, मशीन एवढी हलतेय की कॅन्टीनमधले कप टेबलावरून पडतायत! माणूस पाठवा लगेच."

दादा म्हणाले, "फोन जरा मशीनकडे धरा." वायर लांब होती बहुतेक. दादांनी डोळे मिटून ऐकलं. आम्हाला बाहेर नुसती घरघर ऐकू येत होती. मग त्यांनी विचारलं, "काल शाफ्ट खोलला होता?"

"हो, सफाईला. तुम्हाला कसं कळलं?"

"मशीन बंद करा. मेन स्विच काढा. आता बघा, लाल बाण समोरासमोर आहेत का?"

पलीकडून बारीक आवाज आला, "कसला बाण?"

वीस मिनिटांनी फोरमनचा परत फोन आला. कप जागेवर राहिले होते. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मशीनला हात न लावता डोंबिवलीत बसून ठाण्याची मशीन दुरुस्त करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि खरं सांगतो, तो आमच्यात बसतो याचा मला फार अभिमान वाटला.

त्याच आठवड्यात सुजाता डबा द्यायला वर्कशॉपमध्ये आली. डबा ठेवला, सरळ रजिस्टर उघडलं आणि झरझर लिहिलं, 'मैत्रिणीच्या लग्नाला जायचं होतं. माझी नेलपॉलिशची बाटली रिकामी सापडली.'

बाप असला म्हणून काय झालं! दादांनी खाली लिहिलं, 'अमान्य. कारण : बारा मशीन सुरळीत चालू आहेत.'

जाताना मात्र त्यांनी तिला हळूच विचारलं, "दोन बाटल्या आणल्या तर चालेल का गं? एक तुला, एक मला."

*

खडवलीचे बबनराव म्हणजे वादाला पक्का माणूस. त्यांनी नवं मळणी यंत्र घेतलं होतं, ते ट्रॅक्टरला जोडायला शाफ्ट हवा होता. मी आणि दादा खडवलीला त्यांच्या खळ्यावर गेलो. दादांनी आधी काय केलं, तर ट्रॅक्टरची चावी काढून स्वतःच्या खिशात घातली.

"हां दादा, चावी कशापायी?" बबनराव म्हणाले. "मी काय पळून चाललोय का ट्रॅक्टर घेऊन?"

"तुम्ही नाही. पण कुणी चुकून चालू करायला नको. मी आत वाकलेला असणार."

शाफ्ट जोडला. मग दादांनी बरोबर आणलेलं कव्हर पुढे घेतलं. पत्र्याची लांब नळी. शाफ्ट आत फिरतो, नळी साखळीने ट्रॅक्टरला बांधलेली, त्यामुळे ती जागच्या जागी राहते. ती पाहिली आणि बबनराव उखडले.

"ही नळी कशाला? निसतं वजन! दर वेळी ग्रीस भरायचं तर ही खोला, मग ती लावा. माझ्या मेव्हण्यानं तुमच्या समोरच्या वर्कशॉपातनं शाफ्ट आणला, बिननळीचा. मस्त चाललाय!"

अर्धा तास जुंपली. बबनरावांची बायको, सुमनवहिनी, चहा घेऊन आल्या. कप खाली ठेवत म्हणाल्या, "काही बसवताय, का नुसते भांडताय दोघं?"

दादांनी चहा घेतला, थोडा विचार केला आणि नळीला सांध्याच्या जागी बोटभर रुंदीचं एक भोक पाडलं. "घ्या. ग्रीसगनचं तोंड यातून जातं. ग्रीस भरायला कव्हर खोलायची आता गरज नाही." हे बोलताना त्यांच्या डोळ्यांसमोर कोण होतं ते मला माहीत होतं. मग त्यांनी नळीचे बोल्ट कसले आणि प्रत्येक बोल्टचं टोक हातोडीने ठोकून असं पसरवलं की पान्याने ते निघूच नये.

बांबू काढला, चिंधी फिरवली. चिंधी अख्खी. दादांनी सही केली, चावी परत दिली.

बबनराव ऐकायला तयारच नव्हते. "तुम्ही एकदा स्टेशनवर पोचा, मी छिन्नी घेऊन नळी काढतोच!"

"काढा," दादा म्हणाले. "फक्त काढायच्या आधी मला बोलवा."

*

हे समोरचं वर्कशॉप आमच्या डोक्याला ताप झालं होतं. तिथे बिनकव्हरचा शाफ्ट मिळायचा, आमच्यापेक्षा लवकर आणि कमी भावात. गिऱ्हाईक आमच्याकडून कोटेशन घ्यायचं, कव्हर पाहायचं आणि रस्ता ओलांडून जायचं. नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हा एक मोठी ऑर्डर अशीच गेली आणि नेनेसाहेबांनी दादांना केबिनमध्ये बोलावलं. मीही कोटेशनची फाइल घेऊन तिथेच होतो.

"गायकवाड, तुमच्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे," नेनेसाहेब म्हणाले. "परंतु बारा माणसांचे संसार या छपराखाली चालतात. मी कोटेशनचा नवा फॉर्म छापून घेतो आहे. त्यात कव्हर ऐच्छिक राहील. ज्याला हवं त्याने घ्यावं."

दादांनी मान हलवली. "साहेब, तुमचं वर्कशॉप, तुमचा फॉर्म. तुमचं चूक आहे असंही मी म्हणणार नाही. पण तो फॉर्म छापून आला की त्यावर माझी सही नको. आणि सही नाही तर मी तरी इथे कशाला?"

"म्हणजे?"

"शनिवारपर्यंत येतो. हातातली कामं संपवतो."

नेनेसाहेब चष्मा पुसत बसले. त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. पण त्यांनी थांबा म्हटलं नाही, आणि दादांनीही मागे वळून पाहिलं नाही. मला दोघांचाही राग आला आणि दोघांचीही दया आली.

शनिवारी सकाळी दादांनी आपला ॲप्रन धुऊन, घडी करून आणला. बांबू केबिनच्या दाराआड उभा करून ठेवला. छापखान्यातून फॉर्मचा नमुना आला होता, तो मी साहेबांच्या टेबलावर ठेवला. 'कव्हर : ऐच्छिक.' त्यांनी फक्त होकार द्यायचा होता.

तेवढ्यात बाहेर बाईमाणसाचा चढलेला आवाज आला. सुमनवहिनी! खडवलीहून आल्या होत्या. मागे बबनराव. वहिनी थेट केबिनमध्ये शिरल्या. बबनराव दारातच थांबले.

वहिनींनी पिशवीतून एक साडी काढून टेबलावर आपटली. हिरवी, जुनी, पण चांगली जपलेली. तिच्या पदरावर काळ्याकुट्ट ग्रीसचा वीतभर डाग होता.

"हे बघा! माझ्या लग्नातली साडी. आईनं दिलेली. तुमच्या त्या नळीनं वाटोळं केलं तिचं! रॉकेलनं धुतली, सोडा लावला, डाग जात नाही."

दादा पुढे आले. "कसं झालं, ताई?"

"कसं काय? पूजेला ही साडी नेसले होते, तशीच खळ्यावर आले. मळणी चालली होती. मी पेंढा ओढत होते, वारा आला, पदर खांद्यावरनं उडाला आणि पडला तुमच्या नळीवर. त्या भोकातनं ग्रीस बाहेर येतं, त्यात सगळा माखला! मी आपला उचलून परत खोचला तर हा डाग."

"मळणी चालू होती?" दादांचा आवाज आणखी लहान झाला होता. "ट्रॅक्टर बंद नव्हता?"

"आता काय सांगू यांना! अहो, चालू म्हणजे? ट्रॅक्टर नुसता धडधडत होता! ह्यांनी पाहिलं, तर धावत आले आणि मला धरून मटकन खालीच बसले. दोन दिवस झाले, नीट जेवत नाहीत. साडीचं इतकं कुणी मनाला लावून घेतं का? मीच म्हटलं, चला, डोंबिवलीला जाऊन भांडून येऊ."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. इतका भांडखोर माणूस, पण बबनराव चौकट धरून उभे होते आणि त्यांची नजर जमिनीवरून वर येत नव्हती.

"गप्प का सगळे?" वहिनी म्हणाल्या. "तक्रार लिहून घेता की नाही?"

नेनेसाहेब उठले. त्यांनी स्वतःच्या हाताने रजिस्टर उघडून वहिनींसमोर ठेवलं. वहिनींनी एकेक अक्षर लावून लिहिलं, 'तुमच्या नळीने माझी साडी खराब केली.' आणि रजिस्टर दादांकडे सरकवलं.

दादांनी पेन टेकवलं. पेन चालेना. त्यांनी घासून बघायला कागद शोधला. नेनेसाहेबांनी टेबलावरचा फॉर्मचा नमुना उचलला आणि त्यांच्यापुढे केला.

"याच्यावर घासा, गायकवाड. जोरात घासा."

दादांनी फॉर्मवर दोन-चार रेघोट्या ओढल्या. शाई आली. मग त्यांनी रजिस्टर जवळ ओढलं आणि तिसऱ्या रकान्यात, त्या दुकानाच्या पाटीएवढ्या अक्षरात लिहिलं, 'मान्य.'

कारणाचा रकाना त्यांनी कोरा ठेवला.